आंबे काढले, पेंढा राहिला

गाडीखालचा पेंढा पेटला तेव्हा सुमन गाडीत बसलेली होती. उजव्या दाराला आंब्याचे खोके लागलेले, डावीकडे जाळ. समोर उघड्या इंजिनावर ज्योत नाचत होती आणि तिच्यामागे, काचेपलीकडे, माझ्या नणंदेचं तोंड. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते तोंड मी बघत आलेय, पण त्या क्षणी मला ते ओळखू आलं नाही. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता.

मी मांगराच्या तोंडाशी उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता, रफिक मिस्त्रीला प्यायला आणलेला. तो तांब्या मी पुढे धरला. समोर आग लागली होती आणि मी प्यायला पाणी देत होते. हात मागे घ्यायचं सुचलं नाही, पाणी आगीवर फेकायचंही सुचलं नाही.

यंदाचा पेंढा परवा आला. भाताचा, कोरडा, पिवळा, हातात घेतला की कुरकुरणारा. एप्रिल लागला, झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, हापूस उतरायला लागला, की अढी घालावीच लागते. खाली पेंढा, त्यावर आंबे देठ वर करून, त्यावर पुन्हा पेंढा. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र काम चालू असतं. चार दिवसांनी पेंढ्यात हात घातला की तो गरम लागतो, झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात घातल्यासारखा. जन्मभर मी हात घालून सांगत आले, ही अढी झाली, ती अजून व्हायचीय. आता हात घालते आणि ऊब लागली की तो आपोआप बाहेर येतो. मी काढत नाही, तो येतो. अढी हल्ली ओटीवर घालतो, पण हाताला जागा बदललेली कळत नाही.

मांगर म्हणजे आमच्या बागेतली चिऱ्याची शेड. तीन बाजूंना भिंती, पुढून उघडी, वर कौलं. सावली, वारा बेताचा, ऊब टिकते. अढीला याहून चांगली जागा नाही. गाडी तिथंच होती, कारण दुसरी जागा नव्हती. आंबे गाडीच्या भोवती, आणि जास्त पीक आलं की गाडीच्या खालीसुद्धा. तसं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. गाडी काही चालत नव्हती. न चालणाऱ्या वस्तूच्या खाली काय ठेवावं याला कसला नियम असतो?

गाडी विलायती. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत कोणी परदेशी इंजिनियर होता, तो मायदेशी परत जाताना माझ्या सासऱ्यांनी ती घेतली. मामंजी आंब्याचे बागायतदार, त्यांना ट्रक घ्यायचा होता. घेऊन आले ही. करवंदीच्या पानासारखी गडद हिरवी, तोंड लांब, छप्पर कापडाचं, आणि बसायला दोनच जागा. घरात माणसं सात. सासूबाई म्हणाल्या, "उरलेल्या पाचांनी काय चाकं धरून पळायचं?" मामंजी चालवायचे. शेजारी माझा नवरा बसायचा, कारण तो मुलगा. सुमन तेव्हा शाळकरी. ती खरंच पळायची, गाडीमागून, आंब्याच्या कलमांमधून थेट वळणापर्यंत. वळणावर थांबायची आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहायची. मी नवी नवरी, ओटीवरून बघायचे. परत आली की तिचे पाय लालभडक मातीने भरलेले असायचे आणि ते धुवायचं काम माझं.

त्या गाडीत ती एकदाही बसली नाही. मीही नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं.

मामंजी गेले आणि गाडी मांगरात चार चिऱ्यांवर चढली. आमच्याकडच्या हवेत लोखंड ठेवणं म्हणजे मीठ पावसात ठेवणं. खारा वारा पत्रा खातो, वाळवी लाकूड खाते, पावसाळ्यात कातड्याच्या बैठकीवर हिरवी बुरशी येते. उंदरांनी आत संसार केले. माझी एक कोंबडी चालवायच्या जागेवर बसून अंडी उबवायची. मी तिला उठवलं नाही. कोणीतरी बसतंय, एवढंच म्हणाले.

सुमन हायस्कुलात विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन ती घरी आली तोवर माझा नवराही गेलेला. पोरं मुंबईला. दोघी राहिलो. एक दिवस तिने ताडपत्री ओढली, कोंबडी फडफडत बाहेर गेली, आणि ती म्हणाली, "वैनी, ही माझ्या नावावर करायची. नंबर घ्यायचा आणि मी चालवायची."

"तुझे गुडघे जिना चढत नाहीत गो. गाडी कसली?"

"म्हणूनच. अजून थोडे पावसाळे गेले तर मला आत बसताच येणार नाही."

एवढंच कारण. मी वाद घातला नाही. नवऱ्यामागे वारस म्हणून माझी सही लागत होती, मी केली.

मग पुढची वर्षं मांगरातून ठाकठोक ऐकू येत राहिली. रफिक रत्नागिरीत गॅरेजात काम करतो, शुक्रवारी सुट्टी, नमाज झाला की जेवायला आमच्याकडे आणि मग गाडीखाली. त्याचे पाने बसेनात. गाडीचे बोल्ट इंची आणि त्याचे पाने हल्लीचे, मिलिमीटरचे. बंदरावरच्या जुन्या लाँचवाल्यांकडून त्याने इंची पाने मागून आणले, त्यांना माशांचा वास. रबरं विलायतेहून पार्सलने यायची. सुमन पार्सल उघडून एकेक रबर टेबलावर मांडायची, गौरीचे दागिने मांडावेत तसं. गाडीचा सांगाडा अर्धा लाकडाचा आहे हे मला तेव्हा कळलं. तो वाळवीने खाल्लेला. आमच्या सुताराने जुन्या तुकड्यांवरून मापं घेतली आणि फणसाच्या लाकडाचा नवा केला.

मी म्हटलं, "मूळचं काय राहिलं गो हिच्यात?"

"नंबर. सांगाड्याच्या लोखंडावर ठोकलेला आहे."

"तुझ्यासारखंच मग. दात बसवलेले, डोळ्यात भिंगं, नाव तेवढं जुनं."

रफिक गाडीखालून हसला. नुसते पाय दिसत होते आणि हसू ऐकू येत होतं.

जुन्या गाड्यांना आता वेगळा नंबर मिळतो, मध्ये व्ही आणि ए अशी अक्षरं असलेला. त्याला गाडी होती तशी असावी लागते आणि तपासणीला न्यावी लागते. सुमन गाडीशेजारी चटईवर आडवी होऊन त्या ठोकलेल्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची. आकडे पांढरे उमटायचे. पहिले दोन कागद फाटले. तिसरा आला तेव्हा तिने तो मला दाखवला. मी चौथी शिकले, आकडे वाचता येतात. वाचले आणि म्हटलं, बरं.

बसायचा सराव ती रोज करायची. ती गाडी जमिनीला इतकी चिकटलेली, की आत बसणं म्हणजे पाटावर बसणं. आधी बूड टेकायचं, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा. बसता यायचं. उठता यायचं नाही. मग मी चाकाला पाय लावून तिचे दोन्ही हात धरायचे आणि ओढायचे, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तशी. ती वर आली की आम्ही दोघी धापा टाकत उभ्या. "वजन कमी कर," मी. "जोर वाढव," ती. हे सगळं बागेतल्या गड्यांना माहीत होतं. गणपतीपुळ्याला जाणारे मुंबईकर रस्त्यावरून हिरवी गाडी बघून आत यायचे, फोटो काढायचे, त्यांनाही माहीत झालं होतं, की ही बाई या गाडीतून एकटी उठू शकत नाही.

तपासणीची तारीख आली ती ऐन हंगामात. सुमन म्हणाली, बरं झालं, पावसाआधी होईल, छप्पर कापडाचं आहे. तारखेआधी इंजिन चालू व्हायला हवं होतं. तोवर ते नुसतं खोकायचं.

त्या दुपारी गाडी चिऱ्यांवरून उतरवलेली, चाकं जमिनीवर. इंजिनावरचं झाकण काढून भिंतीला उभं केलेलं. गाडीखाली अढी होती, पाडाला आलेली. सुमन म्हणाली, "आंबे काढायला हवेत. पेट्रोलचा वास लागेल." खरं होतं ते. आंब्याला वास फार लवकर लागतो. एकदा रॉकेलच्या डब्याशेजारी पेटी राहिली होती, मुंबईहून शिव्या आल्या होत्या. म्हणून आम्ही तिघांनी मिळून आंबे काढले. रफिकने खाली वाकून हाताने चाचपून शेवटचा आंबासुद्धा काढला. खोक्यांत भरले आणि सुमन आत बसल्यावर खोके रचले ते गाडीच्या उजव्या अंगाला, कारण तिकडे ऊन येत नाही.

पेंढा तसाच राहिला. पेंढ्याला कसला वास लागतोय?

तीन माणसं होतो. एक विज्ञान शिकवणारी, एक आयुष्यभर पेट्रोलात हात घालणारा, एक रोज चूल पेटवणारी. पेंढा किती जळतो हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. चूल पेटत नसली की मी त्याचीच चूड घालते. तरी तिघांनी आंबे बघितले आणि पेंढा बघितला नाही. नंतर पुष्कळांनी विचारलं, असं कसं केलंत? मी अजून स्वतःला विचारते आणि उत्तर तेच येतं. हंगामात आमच्याकडे आधी आंबा दिसतो. तो वाचवला की माणसाला वाटतं, वाचवायचं ते वाचवलं.

सुमनने किल्ली फिरवली. मागून टकटक सुरू झाली. तो पेट्रोलचा पंप. पाल चुकचुकावी तसा वाजतो आणि पेट्रोल भरलं की थांबतो. त्या दिवशी तो थांबला नाही. टकटक, टकटक. पेट्रोल वर मावेना आणि खाली ठिबकायला लागलं, ते आम्हाला दिसलं नाही. रफिकने पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा. मी घरातून तांब्या घेऊन निघाले होते. तिसऱ्यांदा मोठा बार झाला. इंजिनाच्या बाजूने ज्योत निघाली, पेटलेलं पेट्रोल खाली गळलं आणि पेंढ्याने ते घेतलं.

पेंढा पेटताना आवाज होतो. कोणीतरी मोठा श्वास घ्यावा तसा. एवढ्या वर्षांत मी तो चुलीत ऐकला होता. माणूस वर बसलेलं असताना ऐकला नव्हता.

आणि इंजिन चालू झालं. इतकी वर्षं खोकणारं ते इंजिन नेमकं तेव्हा लागलं.

सुमनने दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि खोक्यांवर आपटलं. तेच खोके, तेच आंबे. तिने पुन्हा ढकललं. मग ती दाराकडे बघतच राहिली. डाव्या बाजूला जाळ गाडीच्या काठाच्या वर आला होता. तिला उठता येत नाही हे मला माहीत होतं. मीच ओढायची ना रोज. माझे पाय जमिनीत रुतले आणि हातातला तांब्या पुढे.

रफिक गाडीच्या तोंडासमोर होता, हँडल हातात. त्याला पळायला वाव होता. तो ओरडला, "ताई, बंद नका करू. रेस द्या. जाळ आत ओढूं दे. रेस देऊन भायेर काढा."

सुमनने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग गाडी ओरडली आणि सुटली. रफिकने बाजूला अंग टाकलं, चाक त्याच्या हाताजवळून गेलं. ती पेटता पेंढा ओढत माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि घरापुढच्या खळ्यात मध्यावर जाऊन थांबली. तिने किल्ली बंद केली. टकटक थांबली. मला बाकी सगळ्यापेक्षा ती थांबलेली टकटक ऐकू आली.

रफिक उठून मागे धावला. आंब्यांवर टाकायचं ओलं गोणपाट त्याने इंजिनावर दाबलं आणि ते कोरडं पडून तापलं तरी डावा हात काढला नाही. मग ज्योत मेली. मग मला पाय फुटले. मी आणि त्याने, त्याच्या उरलेल्या एका हाताने, सुमनला वर ओढलं. तिच्या साडीची कड जळली होती आणि पोटऱ्यांवर फोड आले होते. ती म्हणाली, "मांगर." एवढंच.

मांगर पेटला होता. खोके पेटले, कौलं फुटायला लागली, फटाक फटाक. शेजारच्या बागेतले गडी फवारणीचा पंप घेऊन आले आणि मोहोरावर मारतात तसं आगीवर पाणी मारत राहिले. भाजलेल्या आंब्याचा वास सगळीकडे पसरला. पन्ह्याला कैरी चुलीत घालतो तेव्हा येतो, तसा गोड, धुरकट. रफिकच्या हाताची कातडी गोणपाटाला लागून आली होती, ती मी बघत होते, आणि त्याच वेळी मला भूक लागली. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यावर कोणी काय बोलणार? शरीर आपल्याला विचारून काही करत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तारीख चुकली. नवी तारीख नवरात्रानंतरची मिळाली. जळालेल्या तारा बदलल्या, डाव्या बाजूचा रंग फोड येऊन पोपडला होता, तो तसाच राहिला कारण नवा रंग यायचा होता. रफिकचा डावा हात बांधलेला. तो स्टुलावर बसून दुसऱ्या मिस्त्रीला सांगायचा आणि मध्येच उठून उजव्या हाताने स्वतःच करायचा. मी त्याला म्हटलं, "तू आता येऊ नको रे. पुरे झालं." तो म्हणाला, "काकी, अर्धी खोललेली गाडी सोडून मिस्त्री जात नाही. आणि तुमच्याकडचं जेवण कोण सोडतोय?"

तपासणीला सुमन निघाली तेव्हा तिने शेजारची जागा दाखवली. "बस."

त्या जागेवर माझा नवरा बसायचा. मी आधी बूड टेकलं, मग एकेक पाय आत घेतला. रफिक स्कूटरवर मागून येणार होता. सुमनने किल्ली फिरवली आणि मागून टकटक सुरू झाली.

आग लागली त्या दिवशी मला भीती वाटली नव्हती. मी दगड झाले होते, दगडाला काय वाटतं? भीती वाटली ती इथे, खळ्यात, भर सकाळी. माझे गुडघे छातीशी, दाराची कड कोपराला, पुढे नुसतं लांब हिरवं तोंड. जमीन हाताला लागेल इतकी जवळ आणि उभं राहायला काहीच धरता येत नाही. इथून उठता येत नाही. रोज मी हे बाहेरून बघत होते आणि हसत होते. आतून हे असं होतं. आणि तेव्हा खालून जाळ होता.

"सुमन, मला उतरव."

"कोण उतरवणार? मीही आतच बसलेय."

पंप थांबला. इंजिन लागलं. आम्ही गेलो.

कार्यालयात तपासायला आलेली साहेबीण तरुण होती. तिने वाकून सांगाड्यावरचा नंबर बघितला, पेन्सिलीच्या छापाशी ताडून बघितला, इंजिन ऐकलं. मग डाव्या बाजूच्या पोपड्यांवर बोट फिरवलं. "आजी, हे काय झालं?"

"अढी पेटली," सुमन म्हणाली.

ती मुलगी इथलीच असावी. तिने आधी गाडीखाली बघितलं, मग सुमनकडे, मग दाराकडे. पुढे काही विचारलं नाही. सही करताना एवढंच म्हणाली, "ही रोजची बाजाराला न्यायची नाही हां."

"बाजाराला ही रिक्षाने जाते," माझ्याकडे हात करून सुमन म्हणाली.

परत येताना तिने गाडी त्या वळणावर हळू केली, जिथे ती लहानपणी थांबायची. थांबवली नाही. खळ्यात येऊन किल्ली बंद केली. रफिकची स्कूटर मागे राहिली होती. आम्ही दोघी बसून राहिलो, कारण ओढायला कोणी नव्हतं. जळका मांगर समोर, भिंती काळ्या, वर पत्रा घातलेला.

मी विचारलं, "त्या दिवशी रफिक तुला सांगत होता, तर तू माझ्याकडे का बघितलंस?"

"तू तांब्या पुढे धरून उभी होतीस. मला वाटलं, ही माझ्या तोंडात शेवटचं पाणी घालायला आलीय. मी मेले असं हिने धरलंय." मग तिने साडीच्या पदराने चष्मा पुसला. "मला राग आला वैनी. म्हणून पाय दाबला."

तांब्या रफिकसाठी होता, हे तिला तेव्हाही सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही.

स्कूटर आली. रफिकच्या डाव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत, पण त्यांचा आकडा होतो आणि त्यात मनगट चांगलं अडकतं. त्याने चाकाला पाय लावला, आधी मला ओढलं, मग सुमनला. मी आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला.

आगीच्या त्या दुपारी मांगरात सुमन होती, रफिक होता आणि मी होते. तिघंही जिवंत आहोत.